दुधाचा ठिपका

१

ऊन न्हाणीच्या उंबऱ्याला लागलं की अंबुआक्का बाळाला न्हाऊ घालायला यायची. वडगावात आमच्या दोन खोल्या, मागं न्हाणी, न्हाणीला जाळीची खिडकी. आक्का पाटावर बसून पाय लांब सोडायची, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढायची आणि माझ्या स्वरूपला नडग्यांवर आडवा घ्यायची. कोमट तेल. आधी पाय, मग पोट, मग छाती, मग पालथा. डोकं गोल यावं म्हणून टाळूवर तळवा, नाक सरळ यावं म्हणून चिमटीत. शेवटी उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला, घडी घातल्यासारखं.

"नाक तुझ्या नवऱ्यावर गेलंय बघ," ती म्हणायची. "रोज वडतोय मी, पर ह्ये बेनं ऐकतंय व्हय!"

"नवऱ्याच्या नाकाला काय झालंय आक्का?"

"झालं न्हाय काय. हाय लई, एवढंच."

मग कढत पाणी, मग निखाऱ्यावर ऊद आणि ओवा टाकून धुरी. धुरी झाली की काजळाची तीट मी लावायची, डाव्या गालाला आणि डाव्या तळव्याला. बोरगावला माझ्या आईनं आम्हा सगळ्या भावंडांना तशीच लावली. मग झोळी. झोळी आईच्याच जुन्या पातळाची, धुऊन धुऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली.

सगळं रोज असंच चालायचं. त्या दिवशी मात्र छातीवरून फिरता फिरता आक्काचा हात थांबला. तिनं तो उचलला आणि दुसऱ्या बाजूला ठेवला. पोर हसत होतं.

"काय झालं?"

"काय न्हाय," ती म्हणाली. पण हात काढला नाही. "ह्येचं काळीज हिकडं उडतंय की गं."

मी हात लावला. उजवीकडं, माझ्या तळव्याखाली, चिमणी धरल्यासारखं टुकटुक.

२

मोठ्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला. काळीज उजवीकडं, पोटाची पिशवी उजवीकडं, डावीकडचं सगळं तिकडं आणि तिकडचं इकडं. "सगळं उलटं आहे, पण एकमेकांशी बरोबर बसलंय. दहा हजारांत एखादं बाळ असं असतं, आयुष्यभर काही होत नाही. फक्त कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर आधी सांगायचं."

माझा नवरा कृष्णात उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर कामाला. रिक्षात तो मला समजावत होता. "अगं, उलट्या आट्याचा बोल्ट असतोय की. लोकं उलटा फिरवत्यात आणि म्हणत्यात बसंना. त्येचा नट त्येला गावला की असा घट्ट बसतोय, तुला सांगतो..."

"पोरगं हाय ते, बोल्ट न्हाय."

"तेच म्हणतोय. बिघडलं काय त्येच्यात?"

त्याला त्या दिवशी झोप लागली. मला लागली नाही. माझ्या डोक्यात एकच चाललेलं. उद्या हा मोठा होईल, परगावी जाईल, कुठंतरी गाडीवरनं पडेल. तिथला डॉक्टर डावीकडं कान लावेल आणि ठोका नाही म्हणून चादर ओढेल. उजवीकडं बघा म्हणून सांगायला मी तिथं असेन का?

आणि दुसरी भीतीही होती, ती मी कृष्णातला बोलले नव्हते. स्वरूप पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत मी उंदरांच्यात होते.

३

एका कॉलेजात प्रियदर्शनी म्याडम उंदरांवर अभ्यास करतात. त्यांच्याकडं मी कामाला होते. पिंजरे धुवायचे, खालचं भाताचं तूस बदलायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. खोलीला खिडकी नव्हती. दिवसभर एकच आवाज, तुसात पावलं फिरल्याची सळसळ. सुरुवातीला त्रास व्हायचा, नंतर त्या आवाजात मला डुलकी यायची.

नुकती झालेली पिल्लं गुलाबी असतात. कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून दिसतं, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. बहुतेकांचा डावीकडं. काहींचा उजवीकडं. उजवीकडच्या ठिपक्याची पिल्लं म्याडम वेगळी काढायच्या, कारण त्यांचं आतलं सगळंच उलटं. मला ते ठिपके बघायला आवडायचं. पोटावर हात ठेवून मी बघत बसायची.

मी स्वरूपला पदराखाली घेऊन त्यांच्याकडं गेले.

"म्याडम, खरं सांगा. ह्याला हे इथनंच लागलं का?"

त्यांनी हातमोजे काढले आणि स्वरूपचा पाय धरला. "रचना, हे लागत नाही. सर्दी आहे का ती?"

"मग झालं कसं?"

त्या सांगायला लागल्या की गोष्ट सांगितल्यासारखं सांगतात. पिल्लू अजून पिल्लू नसतं, खसखशीएवढं असतं, तेव्हा त्याला डावं-उजवं नसतं. त्याच्या अंगावर एक खळगा असतो. खळग्यात केस, डोळ्यांना न दिसणारे. ते भोवऱ्यासारखे फिरतात आणि तिथलं पाणी एकाच दिशेला ढकलतात, डावीकडं. पाणी ज्या काठाला लागतं तो काठ जागा होतो. मग काळीज तिकडं जातं.

"एवढ्याशा पाण्यानं?"

"एवढ्याशाच."

"आणि केस फिरलेच नाहीत तर?"

"ह्या उंदरांचं तेच आहे. त्यांच्या एका जनुकात खोट आहे, म्हणून केस नुसते उभे राहतात. मग आईबाप सारखे, पिल्लं सारखी, तरी निम्मी अशी, निम्मी तशी."

"मग ठरवतं कोण?"

"कोणीच नाही," म्याडम म्हणाल्या आणि स्वरूपच्या पायाचा मुका घेतला. "माणसांतल्या काही बाळांतही असलीच खोट सापडते. उंदरांचा त्यात काही दोष नाही आणि तुझाही नाही."

घरी येताना बसमध्ये मी स्वरूपचं डोकं धरून बसले होते. दोष नाही म्हटल्यावर बरं वाटायला पाहिजे होतं. पण कोणीच ठरवत नाही हे काही मनातून जाईना. ठरवणारं कोण असतं तर पाया तरी पडले असते.

४

"आक्का, नाक वळतंय, डोकं गोल होतंय," मी म्हटलं. "मग काळीज का वळू नये?"

"बाळे, वरचं हाड कवळं म्हणून वळतंय. आतलं कुणाच्या हातातलं?"

"हात फिरवून तर बघा."

तिनं माझ्याकडं बघितलं. माझी दशा बघूनच ती तयार झाली असणार. "फिरवायला काय जातंय," म्हणाली.

त्या दिवसापासून ती छाती चोळायची ती एकाच बाजूनं. उजवीकडून डावीकडं, पोळपाटावरचं पीठ सारावं तसं, दाब न देता. दुपारी दूध पाजून झालं की मीही तेच करायची. चटईवर खिडकीकडं तोंड करून बसायचं, स्वरूपला समोर ठेवायचं, पाय माझ्याकडं, आणि दोन बोटांनी हळूहळू त्याच्या उजवीकडून त्याच्या डावीकडं. त्याला आवडायचं. डोळे अर्धे मिटायचा. हात फिरवता फिरवता मलाही कुठंतरी गेल्यासारखं व्हायचं.

पाण्याचं मी आधी बघितलंच नाही. आक्कानंही बघितलं असेल तर बोलली नाही. आमच्या न्हाणीची मोरी उजव्या कोपऱ्यात आहे. एक दिवस आक्कानं तांब्या ओतला. पाणी पाटाखालून निघालं आणि डाव्या भिंतीकडं गेलं. भिंतीला टेकून जरा थांबलं, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं वळून मोरीकडं आलं.

फरशी कुठंतरी खचली असेल, असं मी मनाला सांगितलं.

मग धुरी. पंखा बंद, खिडकी बंद, पोराला वारा लागू नये म्हणून. धूर वर जायचा तो हातभर वर गेला आणि वाकला. डावीकडं आडवा होऊन एका धारेनं भिंतीपर्यंत गेला. त्या भिंतीवर एक रिकामा खिळा आहे, दुसरं काही नाही. भिंतीपलीकडं मोकळी जागा, तिथं गवत.

धूर परत आलेला मला दिसला नाही.

५

कृष्णातनं सुट्टीच्या दिवशी कारखान्यातनं उतार मोजायची लेव्हल आणली. न्हाणीत ठेवली. बुडबुडा मोरीच्या उतारावर जेवढा सरकायला पाहिजे तेवढाच सरकला. खोलीत ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. त्यानं बादली ओतली. पाणी सरळ मोरीत.

"बघ. घरमालकाला उगंच शिव्या बसल्या असत्या."

"आक्का न्हाऊ घालताना जातंय."

"मग आक्काचाच उतार असंल तिकडं," तो हसला. मग त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "रचना, तू दुपारची झोपत जा गं. डोळं बघ कसं झाल्यात. पोरगं बेस हाय, तूच खाली चाललीयास."

मलाही ते पटलं. झोप नसली की माणसाला काय काय दिसतं. सातवीत मला एकदा ताप चढला होता तेव्हा वर्गातला फळा हलताना दिसलेला. मी स्वतःला तेच सांगायची. झोळी आपोआप डावीकडं पीळ खाऊन थांबते, कारण दोरीला पीळ आहे. पडद्याचं टोक भिंतीकडं ओढल्यासारखं राहतं, कारण कापड स्टार्चचं आहे. घरात ऐकू येते ती सळसळ उंदीरघरातनं कानात बसलेली आहे. हात थांबवला की सळसळही थांबते, ह्याला मात्र मला काही सापडलं नाही.

पण मी हात थांबवला नाही, कारण ठोका सरकत होता. आधी उजवीकडं लागायचा, आता छातीच्या मधल्या हाडाखाली. मी रोज बोट ठेवून बघायची. देवाला नवस बोलले, शेजारणीला पेढे द्यायचं मनात ठरवलं.

मग एका सकाळी आक्कानं न्हाऊ घालता घालता हात उचलून घेतला. तेल लावलेले हात तिनं राखेनं घासून घासून धुतले. तोपर्यंत पोर मीच धरलं होतं.

"उद्यापासनं मी न्हाय यायचा."

"का आक्का? काय चुकलं?"

"पाणी चढाला गेलं गं पोरी. आज न्हाय, लई दिस झालं. मी बोललो न्हाय." ती दाराशी जाऊन उभी राहिली. "आणि हात मी फिरवत न्हाय आता. मला फिरवून घेतंय. हिथनं ह्या छातीवरनं कायतरी वाहतंय, आणि माझा हात त्येच्यात पडलेल्या पानासारखा चाललाय. ऐक माझं. ह्यो हुता तसा बरा हुता. सोड ह्ये."

"आता थोडंच राहिलंय."

आक्कानं चप्पल घातली. "त्येचंच भ्या वाटतंय," ती म्हणाली.

६

त्यानंतर न्हाऊ मीच घालायची. तीटही मीच लावायची, डाव्या गालाला, डाव्या तळव्याला.

ती दुपार फार छान होती, हे मला आजही वाटतं. गल्लीत कुणी नव्हतं. लांब कुठंतरी हातमाग वाजत होता आणि मध्येच थांबत होता. ऊन खिडकीतून येऊन झोळीच्या पातळावर पडलं होतं, पिवळं, मधासारखं. झोळी रिकामी होती. स्वरूप माझ्यासमोर चटईवर, पोट भरलेला, अर्धवट डोळ्यांचा.

मी हात फिरवत होते. सळसळ खोलीभर होती, सगळ्या भिंतींच्या आतून, तुसात शेकडो पावलं चालावीत तशी. पडदा भिंतीकडं गेलेला. माझ्या केसांच्या बटा डाव्या गालावरून पुढं ओढल्या जात होत्या, ओढ्यात वाकून बसल्यावर ओढल्या जातात तशा. मला भीती वाटत नव्हती. मी पण त्यातलीच एक आहे असं वाटत होतं.

आणि ते थांबलं.

पडदा सरळ झाला. बटा खाली आल्या. हातमागही वाजेना. इतकं गप्प झालं की मला म्याडमचा आवाज आठवला, कोणीच नाही.

मी स्वरूपच्या छातीवर हात ठेवला. उजवीकडं काही नव्हतं. डावीकडं, जिथं सगळ्यांचं असतं तिथं, टुकटुक, टुकटुक. मी त्याला उचलून छातीशी धरलं, हसले, रडले, त्याच्या गालाचा मुका घेतला.

ओठाला काजळ लागलं.

गाल उजवा होता.

मी त्याला लांब धरलं. डावा गाल स्वच्छ. तळवे बघितले. काजळ उजव्या तळव्याला. सकाळी मीच लावलं होतं. डाव्या कानाच्या पाळीमागं त्याला एक तीळ आहे, जन्मापासूनचा. मी कान वाकवून बघितलं. मग दुसरा कान वाकवून बघितलं. तीळ उजवीकडं होता.

पोर माझ्याकडं बघत होतं. गप्प, शहाण्यासारखं. डोळे त्याचेच.

माझ्या मागं झोळीची दोरी करकरली.

वजन पडल्यावर करकरते तशी. मी वळले. झोळी भरलेली होती. तळ खाली आला होता, गोल, जड. झोळी हळूहळू फिरत होती, डावीकडं जाऊन थांबली आणि पीळ घेऊन राहिली. पातळातून ऊन आरपार येत होतं. आत एक अंग मुटकुळं करून झोपलेलं, गुलाबी, कडा उजळलेल्या. पोट वरखाली होत होतं. आणि पोटाच्या उजव्या अंगाला पांढरा ठिपका. माणसाच्या लेकराचा असा दिसत नाही, मला माहीत आहे. तरी तो होता. मी आत्ताच पाजलेलं दूध.

मी एक पाऊल पुढं गेले असते तर पातळ बाजूला करता आलं असतं. माझ्या हातात पोर होतं. त्यानं माझा पदर मुठीत धरला होता.

झोळीतून आवाज आला. रडणं नव्हे, त्याच्या आधीचं ते, भूक लागायच्या आधी स्वरूप ओठांनी करतो ते चुटुकचुटुक.

आणि मला पान्हा फुटला. दोन्हीकडून, चोळी भिजेपर्यंत. हातातलं पोर इतका वेळ हातातच होतं, त्याच्यासाठी फुटला नव्हता.

मी हात पुढं केला. माझी बोटं पातळाला लागली तेव्हा पातळ रिकामं होतं. गरम होतं. झोळीचा पीळ सुटत गेला आणि ती रिकाम्या खिळ्याच्या भिंतीकडं एकदा झुकून सरळ झाली.

७

दवाखान्यात पुन्हा फोटो काढला. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले, मान खाजवली आणि हसले. "आधीचा फोटो उलट्या बाजूनं लावला असेल हो. कधीकधी होतं. काळीज डावीकडंच आहे. बाळ एकदम छान आहे."

"आणि आम्ही हात लावून बघितलं ते?" मी विचारलं.

"बाळाचा ठोका कुठंही लागतो, ताई."

कृष्णातनं खडेबाजारातनं पेढे आणले. गल्लीत वाटले. "उलटा आटा म्हणून मी उगंच पोराला बोललो," तो सगळ्यांना सांगत होता. आक्काच्या घरी पेढा मी नेला. तिनं स्वरूपला मांडीवर घेतलं, नाक चिमटीत धरलं आणि लगेच सोडलं. पेढा घेतला, खाल्ला नाही.

हे पोर गुणी आहे. रडत नाही. पूर्वी दूध प्यायला डावीकडं तोंड न्यायचं, आता उजवीकडं नेतं. दूध येतं, पण ओढावं लागतं. ते कुरकुर न करता ओढतं. झोपताना माझं बोट धरतं. हेही माझंच आहे. मी तसं म्हणते, रोज, त्याच्या कानात, तीळ असलेल्या कानात.

आणि दुपारी कृष्णात कामावर गेला, गल्ली गप्प झाली की मी धुपाटणं पेटवते. ऊन पातळावर येईपर्यंत थांबते. पोराला चटईवर निजवते, पाय माझ्याकडं, आणि दोन बोटं त्याच्या छातीवर ठेवते. आता डावीकडून उजवीकडं. हळू. पिठासारखं.

रोज काही होत नाही. धूर सरळ वर जातो. झोळी रिकामी लोंबते. तरी ऊन पातळावर आलं की माझी चोळी भिजते, घड्याळ लावल्यासारखी.

तो तिकडं कुणाचं दूध पीत असेल?

आज हात फिरवताना सळसळ आली. इतकी बारीक की मी श्वास धरून ऐकली. धुपाटण्यातला धूर वर गेला, थांबला, आणि उजवीकडं वाकला.

चटईवरच्या पोरानं डोळे उघडले. त्यानं धुराकडं बघितलं, मग माझ्याकडं. पहिल्यांदाच त्याचा ओठ थरथरला. माझं बोट त्यानं दोन्ही मुठींत धरलं, आवळून, जमेल तेवढ्या जोरानं.

माझा दुसरा हात फिरत राहिला.